उपासगडाच्या बुरुजाचं बारसं

एका राज्यात गड उदंड होते आणि नावाजलेले मोजकेच. नावाजलेल्यांवर राजा जाई, शाहीर जात, पताका लागत. उरलेल्यांच्या वाटा निवडुंग खाऊन टाकी. अशा विसरलेल्या गडांवर एकटीनं हिंडायची ती गोजरा वाटाडीण. पायांत जाड वहाणा, कमरेला दोर, आणि तोंड असं फटकळ की वाघानंही वाट सोडावी.

तिला सात वर्षांची एक लेक. एका सकाळी लेकीची पावलं दगडाची झाली. त्या राज्यात दरसाल एका मुलीचं असं होई. महिन्याभरात दगड गळ्याच्या वर चढे, की संपलं. लोक हळहळत आणि नांगर घेऊन शेताला जात.

गोजरा हळहळत बसली नाही. लेकीला पाठीवर घेऊन ती राजवाड्याबाहेरच्या वडाच्या ढोलीतल्या पिंगळ्याकडे गेली. त्या मुलखात पिंगळा बोलत असे, आणि खोटं बोलत नसे.

पिंगळा म्हणाला, "राजाच्या आज्यानं तीन गड बांधले. घोरवड, काळजोग, उपासगड. बुरूज टिकेनात. मांत्रिक म्हणाला, प्रत्येकात एक सवाशीण जिवंत चिणा. चिणल्या. बुरूज टिकले, बाया पुसल्या गेल्या. पोरी दगड होतात तो त्यांचाच शाप. राजानं तिघींना त्यांच्या नावानं हाक मारली, तर तो तुटेल."

"राजा कशाला मारतोय हाक?"

"गडाची खबर आणणाऱ्याचे शब्द राजानं दरबारात जसेच्या तसे उच्चारायचे, ही रीत आहे. रीत मोडली की सिंहासन मोडतं. जा."

लेकीला पिंगळ्याच्या राखणीत ठेवून गोजरा निघाली. घोरवडाच्या पायऱ्या सुरुंगानं उडवलेल्या. ती दोराला लोंबकळत चढली. काळजोगाचा दरवाजा कमानीपर्यंत मातीत गाडलेला. ती पोटावर सरपटत शिरली. उपासगडाच्या टाक्यातलं पाणी काळं होतं, तेच प्यावं लागलं. तिन्ही बुरुजांना तिनं कान लावला आणि नाव विचारलं. दगडांतून उत्तरं आली. राजलक्ष्मी. यशोलक्ष्मी. गजलक्ष्मी.

ती परतली तेव्हा लेक कमरेपर्यंत दगड झाली होती. राजानं दरबारात तिन्ही नावं घेतली. काही घडलं नाही.

राजा हसला. "संपली खबर? मग वाट सुधार."

बाहेर पिंगळा वसकन ओरडला, "अगं खुळे! ती नावं लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळांत लिहिलेली. ज्यांनी चिणायला दिलं त्यांचीच. तुझंही नाव बदललंच होतं ना? मग एवढं कळू नये?"

कळायला हवं होतं. बाईला नाव विचारलं की ती सासरचंच सांगते. गोजराही जन्मभर तेच सांगत आली होती.

ती पुन्हा धावली. "बाई, आई तुला काय म्हणायची?"

घोरवडातून आवाज आला, "चिमा." काळजोगातून आधी हुंदका आला, मग "ठकी."

उपासगडाचा बुरूज गप्पच.

"बोल ना गं! पोर मरतेय माझी."

"काय बोलू? मला जन्म देतानाच आई गेली. पाळण्यातच बाशिंग बांधलं. नाव ठेवायला होतं कोण?"

"मी ठेवते."

"आईनं पोटच्या पोरीला दिलेलंच चालेल. आणि दगडात गेलेलं नाव परत निघत नाही, बाई."

आई म्हणून गोजरानं उभ्या जन्मात एकच नाव ठेवलं होतं. दरीत घारी फिरत होत्या. मग तिनं पदर फाडला, दोन दगडांमध्ये झोळी बांधली, बुरुजाची एक कपची तीत निजवली, झोका दिला आणि फटीला ओठ लावून "कुर्र" केलं. तेच नाव सांगितलं.

दरबारात आली तेव्हा लेकीच्या गळ्याला दगड भिडला होता. या खेपेला राजा हसला नाही.

"ही नावं घेतली तर बुरूज पडतील. मुलूख उघडा पडेल."

"पडू दे. आमच्या पोरी खाऊन काय राखलंस रे मेल्या?"

सिंहासन करकरलं. घाबरून राजानं उच्चारलं: चिमा, ठकी, आणि तिसरं.

तिन्ही गड एका क्षणात बसले. धुळीतून तीन बाया चालत आल्या. राजवाड्याकडे त्यांनी मान वळवली नाही. थोडं चालून त्या उजेडात विरून गेल्या. राजानं पागोटं उतरवलं आणि दवंडी पिटवली, की यापुढं या राज्यात लग्नात मुलीचं नाव बदलणार नाही. त्यानंतर तिथं कुठली पोर दगड झाली नाही.

गोजराच्या लेकीच्या अंगावरून दगड खपल्यांसारखा गळाला. गोजरानं हाक मारायला तोंड उघडलं, तर जिभेवर काहीच आलं नाही. सात वर्षं दिवसातून शंभरदा घेतलेलं नाव, आणि आता पिंगळ्यालाही ते आठवेना.

"आई, हाक मार ना मला."

गोजरानं तिच्या पायांची धूळ झटकली, स्वतःच्या वहाणा काढून तिच्या पायांत बांधल्या.

"चल ऊठ," ती म्हणाली. "वाट लांबची आहे. नाव वाटेत बघू."