लोसालिनेची पट्टी

दूर पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर वैमोआना नावाची बाई राहायची. चटया विणण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. तिथे केवड्याच्या जातीच्या झाडाची पानं वाळवून बायका मोठमोठ्या चटया विणायच्या, पण एकटीनं नाही. सगळ्या गावच्या छपराखाली रांगेत बसायच्या आणि आपली पट्टी शेजारणीच्या पट्टीत गुंतवत पुढे सरकायच्या. आज एकीच्या घरची चटई, उद्या दुसरीच्या.

हात चालू असले की तोंडंही चालायची. कुणी गेलेल्या लेकराचं सांगे, कुणी नवऱ्याच्या माराचं. सांगून झालं की बाई हलकी व्हायची. रीत एकच, चटईवर सांगितलेलं चटईवरच ठेवून उठायचं.

वैमोआना सगळ्यांचं कान देऊन ऐकायची. तिला कुणी विचारलं तर म्हणायची, "माझं काय, छान चाललंय. मुलगा परदेशात आहे, सारखा बोलावतो." आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय!

त्या वर्षी शेजारच्या लोसालिनेच्या मुलीचं लग्न ठरलं. आईनं विणलेली चटई घेतल्याशिवाय तिकडे मुलगी सासरी जात नसे. तेव्हा तिची चटई विणायला घेतली. एका दुपारी लोसालिने खाली मान घालून म्हणाली, "मला वाचता येत नाही. चर्चमध्ये पुस्तक हातात धरते आणि नुसते ओठ हलवते. लेकीलाही ठाऊक नाही." सांगताना ती रडली. बायकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढच्या रविवारी गावजेवण होतं. वैमोआनाला चारचौघांना हसवायची हौस आली. जिभेला काही हाड नसतं. तिनं केळीचं पान पुस्तकासारखं धरलं, ओठ हलवून दाखवले आणि वर लोसालिनेचं नावही सांगितलं. लोक पोट धरून हसले. लोसालिनेची मुलगी मात्र हसली नाही. तिच्या मागेच भाजलेल्या रताळ्यांची पाटी घेऊन तिची आई उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून लोसालिने विणायला येईना. वैमोआनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण माफी मागायला जीभ रेटेना. तिनं मनाशी ठरवलं, तिची पट्टी आपणच विणून टाकू. आपला हात तिच्याहून चांगलाच आहे.

तिनं ती विणलीही. पण शेजारणींचा हात लोसालिनेच्या सैल विणीला बसलेला, आणि वैमोआनाची वीण घट्ट. चटई त्या जागी आखडली आणि बाजूला फुगली. लग्न तर तोंडावर आलं होतं. ही चटई सासरच्या माणसांपुढे अंथरायची कशी?

सगळ्यांत म्हाताऱ्या अनासेनी आजींनी चटईवरून हात फिरवला. "उसव," त्या म्हणाल्या. "इथे तुझा हात नको होता, बाई. तुझं तोंड हवं होतं."

वैमोआनानं मुकाट्यानं पट्टी उसवली. रविवारी चर्चच्या अंगणात सगळा गाव जमला तेव्हा ती पुढे झाली. "माझा मुलगा मला बोलावत नाही," ती म्हणाली. "त्याचा निरोप येऊन वर्षं लोटली. मी तुम्हांला खोटं सांगत आले. लोसालिनेनं खरं सांगितलं आणि मी तिचा तमाशा केला. लोसालिने, माझं चुकलं." कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी लोसालिने आली. "सरक," म्हणाली आणि आपल्या जागी बसली. पट्टी पुढे चालू झाली. उन्हं कलली, तरी तिचे हात चालूच होते.

"काहीतरी बोल ना गं," वैमोआना हळूच म्हणाली.

"बोलेन," लोसालिने पानावरची नजर न काढता म्हणाली. "आज नाही."

तात्पर्य: कुणी विश्वासानं सांगितलेल्या दुःखाचं हसं करू नये. चूक चारचौघांत केली, तर माफीही चारचौघांतच मागावी, आणि गेलेला विश्वास परत येईपर्यंत गुमान वाट पाहावी.