चौकटीबाहेरचा गोंता

कुरेसावा गावात शिरले की डाव्या हाताला चित्रे छापणाऱ्यांची जुनी पडवी लागते. तिथे लाकडी ठशावरून छापलेला एक वीर टांगलेला आहे. छातीवर गोंदलेला नाग, मनगटाएवढ्या जाड भुवया, आणि एक पाय चौकट ओलांडून बाहेर. हा गोंता, जपानच्या या डोंगराळ मुलखातला बंडखोर. "बापरे, केवढा धिप्पाड!" असे पाहुणे म्हणाले की म्हातारे माकिनो आजोबा हसतात आणि सांगू लागतात.

गोंता म्हणे अगदी पाप्याचे पितर होता. पण दुष्काळात त्याने एकट्याने सरदाराचे कोठार फोडले, दोन्ही पहारेकऱ्यांना त्यांच्याच कमरपट्ट्यांनी बांधले आणि तांदूळ गावात वाटला. ठसे कोरणाऱ्या तोमेच्या घरीही तेव्हा कितीतरी दिवसांनी चूल पेटली.

मग राजधानीहून अंमलदार आला. तो तोमेला म्हणाला, "तू त्याला पाहिले आहेस. नाक्यानाक्यावर लावायला त्याचे चित्र कोर. हुबेहूब आले नाही, तर बोटे छाटीन."

तोमे छिन्नी घेऊन बसली. खरे कोरावे तर गोंता मरणार. खोटे कोरावे तर ज्या हातांवर पोट, तेच जाणार. पण चित्र ताडून पाहणार कोण? ते दोन पहारेकरीच! हे मनात आले आणि तिचा हात झरझर चालू लागला. तिने डोंगराएवढा वीर कोरला. जागा पुरेना, तेव्हा त्याचा पाय सरळ चौकटीबाहेर काढला.

अंमलदाराने छाप पहारेकऱ्यांपुढे धरला. "हाच का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मूठभर हाडांच्या माणसाने आपल्याला बांधले, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

"हाच, सरकार," एक म्हणाला.

"बाईने जरा लहानच काढलाय," दुसरा म्हणाला.

तोमेची बोटे वाचली. पुढे नाक्यावर शिपायाने एका मोळीवाल्याला अडवले, असे सांगतात. ओझ्याखाली वाकलेला तो गोंताच होता. शिपायाने चित्र दाखवून विचारले, "याला कुठे पाहिलेस?"

गोंताने ओझ्याखालून मान तिरकी करून चित्र न्याहाळले. "हा भेटला असता, तर मी इथे उभा असतो का, दादा?"

शिपाई खो खो हसला आणि त्याने वाट सोडली. गोंता डोंगरापलीकडे गेला, तो पुन्हा कुणाच्या हाती लागला नाही.

आजही कुरेसावाच्या जत्रेत गोंता होण्याचा मान गावातल्या सगळ्यात किरकोळ माणसाला मिळतो. पाठीवर मोळी घेऊन तो दारोदार जातो. बायका विचारतात, "अहो, गोंताला पाहिलंत का?" तो "नाही" म्हणतो. मग त्या कमरेत वाकून त्याला नमस्कार करतात आणि त्याच्या झोळीत तांदूळ ओततात.