तवनाप्पांच्या मोकळ्या गोळ्या

गुळाच्या बाजारपेठेचं एक गाव होतं. त्या गावात तवनाप्पा नावाचे एक अडते राहत. अडते म्हणजे शेतकऱ्यांचा गूळ बाजारात उभं राहून विकून देणारे. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणे.

अण्णांची नजर म्हणजे नजर! गुळाची ढेप बघून ते सांगत, ऊस कुठल्या शिवारातला, पाणी विहिरीचं की नदीचं, आणि रस कढत असताना गुळव्याचं लक्ष कुठं होतं. एकदा तर डोळ्यांवर पट्टी बांधून, नुसत्या वासावरून ते म्हणाले, "या गुऱ्हाळावर काल भांडण झालंय." चौकशी केली, तर झालं होतं. दोन जावांचं. ज्याला खोटं वाटेल त्याने जाऊन विचारावं, त्या जावा अजून एकमेकींशी बोलत नाहीत.

असल्या माणसाला लेबलाचं काय कौतुक? पोतं असो, बरणी असो, वर चिकटवलेला कागद दिसला की अण्णा तो नखाने सोलून टाकत. म्हणत, "माल स्वतः बोलतो. कागद लागतो तो कच्च्या माणसाला."

साठी उलटल्यावर अण्णांची छाती कुरकुरू लागली. गावातल्या डॉक्टर उपाध्यांनी तपासलं आणि तीन गोळ्या लावून दिल्या. एक पांढरी, एक गुलाबी, एक पिवळी. "अण्णा, यात एका दिवसाचाही खाडा नको," असं त्यांनी दोनदा बजावलं. अण्णांनी वर्षभर खाडा केला नाही. पण गोळ्यांची नावं काय, हे त्यांनी कधी वाचलं नाही. रंग माहीत होता, तेवढं पुरे होतं.

अण्णांच्या बायकोला, पद्मावतीबाईंना, समुद्र बघायचा होता. काठावरून नाही, मधोमध जाऊन. म्हणून दोघांनी एका मोठ्या जहाजावरची पाच दिवसांची सहल ठरवली.

निघायच्या आदल्या दुपारी अण्णा एक पितळी डबी घेऊन बसले. प्रत्येक पाकिटातून टचाटच गोळ्या फोडून डबीत टाकू लागले.

"अहो, पाकिटातच राहू द्या की," पद्मावतीबाई म्हणाल्या. "वर नाव असतं, तारीख असते."

"नाव गिळायचंय का? गोळी गिळायची आहे."

"मग उपाध्यांची चिठ्ठी तरी बरोबर घ्या."

"समुद्रात चिठ्ठी कुणाला दाखवू? माशाला?"

"बरं बाई. निदान डबी हातातल्या पिशवीत ठेवा."

"हातातल्या पिशवीत गूळ आहे. तिकडचा गूळ मला चालत नाही." असं म्हणून अण्णांनी डबी मोठ्या बॅगेच्या तळाशी, धोतरांच्या घडीत सरकवली.

बंदरावर मोठ्या बॅगा लोकांकडून आधीच घेत होते. त्या थेट ज्याच्या त्याच्या खोलीत पोचणार होत्या. तिथल्या माणसाने अण्णांच्या बॅगेला कागदी पट्टी बांधली. वर नाव आणि खोलीचा नंबर. तो पाठमोरा झाला आणि अण्णांची बोटं शिवशिवली. त्यांनी पट्टी ओढून काढली.

"हे काय केलंत?" पद्मावतीबाई दचकल्या.

"माझी बॅग मी हजारात ओळखतो."

ते खरंच होतं. अण्णांनी ती हजारात ओळखली असती. पण बॅगा वर चढवणारे अण्णा नव्हते. त्यांना बिननावाची एक बॅग दिसली, कुणाची ते कळेना, म्हणून त्यांनी ती धक्क्यावर बाजूला ठेवली. जहाज भोंगा वाजवून निघून गेलं. धोतरं, डबी आणि तीन रंगांच्या गोळ्या धक्क्यावर ऊन खात राहिल्या.

दुपारपर्यंत बॅग खोलीत आली नाही. अण्णा म्हणाले, "येईल." संध्याकाळीही म्हणाले, "येईल." मध्ये त्यांना वेळ कुठं होता? जेवणात गुळाची खीर होती. अण्णांनी एक चमचा तोंडात घातला आणि आचाऱ्याला बोलावून सांगितलं, की गूळ दोन वर्षांचा जुना आहे, आणि ज्या शेतातला ऊस आहे त्या शेताच्या बांधावर चिंचेचं झाड आहे. आचाऱ्याने डोक्याला हात लावला. ते त्याच्या मामाचंच शेत होतं! मग काय विचारता! जहाजभर बोभाटा झाला. लोक गुळाचे लाडू, चिक्की, पोळीचे तुकडे घेऊन येऊ लागले. "अण्णा, हे बघा. अण्णा, हे ओळखा." अण्णांनी एकही चुकवलं नाही. चुकवल्या त्या फक्त त्या दिवसाच्या गोळ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा जिना चढले आणि मध्येच कठडा धरून उभे राहिले. छातीत उसाच्या चरकाचं इंजिन सुरू झाल्यासारखे ठोके पडत होते. कपाळावर घाम. पद्मावतीबाईंनी दुसरं काही न विचारता त्यांना जहाजाच्या दवाखान्यात नेलं.

तिथे डॉक्टर आयेशा मुकादम होत्या. रत्नागिरीकडच्या. वयाने लहान, आवाजाने मोठ्या. त्यांनी अण्णांना झोपवलं, तारा लावून छातीचा आलेख काढला, तो वाचला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"काका, तुमचं औषध चुकलेलं दिसतंय. कुठल्या गोळ्या घेता?"

"एक पांढरी, एक गुलाबी, एक पिवळी."

"रंग नको. नाव."

"नावाचं काय एवढं? तुमच्याकडं असतीलच. दाखवा, मी ओळखून देतो."

"तुमच्या डॉक्टरांना फोन लावते. नाव सांगा त्यांचं."

"कशाला त्यांना त्रास? मी आहे ना इथं."

पद्मावतीबाईंनी तोंड उघडलं. अण्णांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. कारण दारात गर्दी जमली होती. कालची सगळी मंडळी, चिक्कीवाले, लाडूवाले. पुढे तो आचारी. कुणीतरी मागून म्हणालं, "डॉक्टर, तुम्ही दाखवा तर खरं. अण्णा हां हां म्हणता ओळखतील!"

डॉक्टरांनी अण्णांकडे बघितलं. मग दाराकडे. मग त्या शांतपणे उठल्या. कपाटातून पाच पाकिटं काढली आणि प्रत्येकातली एक गोळी पांढऱ्या बशीत ठेवली. पाचही गोळ्या पांढऱ्या. पाचही गोल. सख्ख्या बहिणींसारख्या.

"घ्या काका. उचला तुमची."

अण्णा उठून बसले. बशी डोळ्यांजवळ नेली. वास घेतला. वास नव्हता. एक गोळी बोटांत फिरवली. खडबडीत नव्हती, गुळगुळीत नव्हती, चिकट नव्हती. गुळाने कधी त्यांच्यापासून काही लपवलं नव्हतं. या पाचजणी मात्र गप्प बसून होत्या.

दारात सगळे माना उंचावून उभे. अण्णांचं बोट एका गोळीवर जाऊन थांबलं.

"हीच," कुणीतरी पुटपुटलं. "बघा, सापडली."

अण्णांनी गोळी उचलली. तोंडापर्यंत नेली. पद्मावतीबाईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं, इतकं की बोटं पांढरी पडली. अण्णांची नजर त्या मुठीवर गेली.

चाळीस वर्षं ती नजर ढेपा पारखत आली होती. त्या क्षणी तिने माणूस पारखला. बायको घाबरली होती.

अण्णांनी गोळी परत बशीत ठेवली. घसा खाकरला. आणि दारातल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला ओळखता येत नाही. यातलं मला काहीच कळत नाही."

दारात पिन पडली असती तर ऐकू आली असती. पिन पडली नाही, आचाऱ्याची टोपी पडली.

"शाब्बास," डॉक्टर म्हणाल्या. "आता कळलं का काका, बशीत काय होतं? ही झोपेची. ही जुलाबाची. ही पित्ताची. ही अंगदुखीची. आणि तुम्ही उचलली होतीत ना, ती रक्तातली साखर उतरवणारी. तुम्हाला साखरेचा आजार आहे का?"

"नाही."

"मग ती तुमच्या पोटात गेली असती, तर एका आजाराचे मी दोन मोजले असते. अर्थात मी जाऊ दिली नसती. माझा हात तुमच्या मनगटाजवळच होता. आणि हृदयाची गोळी या बशीत मी ठेवलीच नव्हती."

"मग खेळ कशाला केलात?"

"माझं ऐकत नव्हतात म्हणून. आता सांगा, तुमचे डॉक्टर कोण?"

अण्णा काही बोलायच्या आत पद्मावतीबाईंनी नाव, गाव आणि दवाखान्याचा नंबर एका दमात म्हणून टाकला. इतका वेळ ओठांवरच होता तो. फोन लागला. पलीकडून डॉक्टर उपाध्ये आधी ओरडले, मग तिन्ही नावं सांगितली, किती ताकदीची, केव्हा घ्यायची, सगळं. जहाजाच्या कपाटात तीनपैकी दोन गोळ्या होत्या. तिसरीची भाऊबंद शोभेल अशी एक गोळी दोन्ही डॉक्टरांनी बोलून ठरवली. अण्णांनी औषध घेतलं. दुपारपर्यंत चरकाचं इंजिन थंडावलं. तरी डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच खाटेवर ठेवलं, आणि पद्मावतीबाईंना खुर्ची खिडकीपाशी सरकवून दिली. खिडकीबाहेर चारी बाजूंनी समुद्रच होता.

अण्णांना वाटलं, आपली पत गेली. आता जहाजावर कोण विचारणार?

तेवढ्यात दार किलकिलं झालं. तोच आचारी आत आला. हातात टोपी. इकडे तिकडे बघत हळूच म्हणाला, "डॉक्टर, ते अण्णांनी चारचौघांत कबूल केलं म्हणून मी बोलतो. रक्तदाबाच्या गोळ्या मीपण मोकळ्याच आणल्यात. कागदाच्या पुडीत. आता कुठली सकाळची नि कुठली रात्रीची, मला आठवत नाही."

त्याच्या मागे चिक्कीवाल्या बाई होत्या. त्यांनी थायरॉईडच्या गोळ्या बडीशेपेच्या डबीत आणल्या होत्या, आणि काल जेवणानंतर शेजारच्यांना बडीशेप म्हणून ती डबी जवळजवळ पुढे केली होती. त्यांच्या मागे एक निवृत्त मामलेदार. त्यांच्या गोळ्या खिशात विरघळून सदऱ्याला चिकटल्या होत्या. त्यांच्या मागे आणखी कुणी. सांगणारे सांगतात की ती रांग दवाखान्यातून निघाली, जिना उतरली, जेवणघराला वळसा घालून परत दवाखान्याच्या दारात आली, आणि शेवटच्या माणसाची पाठ पहिल्याच्या पाठीला लागली. मी म्हणतो, पंधरा-वीस तरी माणसं नक्की होती.

डॉक्टर मुकादम एकेकाच्या गावी फोन लावू लागल्या. कपाळावरचे केस मागे सारत म्हणाल्या, "काका, हे सगळे तुमच्यामुळे. एरवी यातल्या एकानेही तोंड उघडलं नसतं. खाटेवरच पडले असते सगळे, तुमच्या शेजारी."

अण्णा उशीला टेकून बसले होते. मांडीवर नव्या गोळ्यांचं पाकीट होतं. चष्मा नाकावर चढवून, पहिलीतल्या मुलासारखं, अक्षरावर बोट ठेवत ते औषधाचं नाव वाचत होते. फार लांब नाव होतं. दोनदा अडखळले, तिसऱ्यांदा जमलं.

"आता न बघता म्हणा," पद्मावतीबाई म्हणाल्या.

अण्णांनी म्हटलं. बरोबर म्हटलं.

तात्पर्य: औषध रंगावरून ओळखता येत नाही. म्हणून प्रवासाला निघताना ते त्याच्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीतच ठेवावं. आणि जे आपल्याला कळत नाही ते चारचौघांत 'कळत नाही' म्हणण्यात कमीपणा मानू नये. त्याने आपला जीव वाचतो, आणि पाठीमागे गप्प उभ्या असलेल्यांचाही.