बिननावाची पट्टी

“ही कुठली असेल, चाचा?”

श्रेणिक मगदूमनं कॉम्प्युटरच्या मेमरीची ती पट्टी टेबलावर ठेवली. तिच्यावर कागद नव्हता, नंबर नव्हता. काळ्या चिपा कुणीतरी घासून गुळगुळीत केलेल्या, आणि खालच्या सोनेरी दातांमधली खाच भलत्याच जागी.

दस्तगीर चाचांनी मान वर केली नाही. एका जुनाट कॉम्प्युटरचं पोट उघडून ते आत वाकले होते.

“बस की,” ते म्हणाले. “चहा घेणार?”

मिरजेत दर्ग्यामागच्या गल्लीतलं हे दुरुस्तीचं दुकान. श्रेणिक इथंच शिकला होता. आता सांगलीत त्याचं स्वतःचं दुकान होतं, काचेच्या दाराचं, थंड हवेचं. इतक्या वर्षांनी तो ही पायरी चढला आणि खोडरबराच्या भुग्याचा तो जुना वास नाकात शिरला. पट्टीचे दात खोडरबरानं पुसायला चाचांनीच शिकवलं होतं. “लेकराचं तोंड पुसतात तसं पूस,” असं म्हणायचे. पहिले कित्येक महिने श्रेणिकनं इथं दुसरं काही केलंच नव्हतं. आणि तेव्हा ते पुरतही होतं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर एक बाई बसल्या होत्या. काळा चष्मा, मांडीवर पांढरी काठी. श्रेणिकनं एकदा पाहिलं आणि तो पुन्हा चाचांकडे वळला.

“एका कॉलेजची लॅब मोडीत निघाली, चाचा. पोतंभर रॅम, असल्याच पट्ट्या, उचलली मी. बरेच दिवस तशीच पडून होती. गेल्या आठवड्यात बसलो आणि सगळी ओळखली. फक्त ही एक...”

“सगळी?”

“शिष्य कुणाचा आहे!”

चाचा हसले. तोंडात एक स्क्रू धरलेला होता, तो काढून त्यांनी बशीत टाकला.

“कशी ओळखलीस?”

“नंबर वाचून. शंका आली की बोर्डावर लावायची. चालली ती जिवंत. बोर्ड बोंबलला ती मेलेली.”

“हं.”

चाचांनी बटण दाबलं. समोरचं मशीन बीप... बीप... करत ओरडायला लागलं. श्रेणिकला हसू आलं. मेमरी नसलेलं मशीन असंच ओरडतं, आणि ते ओरडलं की चाचा गिऱ्हाइकाला सांगायचे, उपाशी आहे बिचारं.

“कुणाचं आहे?”

“अंधशाळेचं. ह्या आवटीबाई, तिथल्या शिक्षिका. ब्रेलची, ठिपक्यांची पुस्तकं छापायचं यंत्र ह्याच्यावरच चालतं. दुसऱ्या कॉम्प्युटरला ते यंत्र दाद देत नाही.”

बाईंनी चेहरा आवाजाच्या दिशेनं वळवला.

“सांगलीचे मगदूम ना तुम्ही? मघापासून वाटत होतं, आवाज ऐकलाय. मागच्या महिन्यात फोन केला होता मी. असली मेमरी आता कुठंच मिळायची नाही, यंत्रच नवीन घ्या, म्हणालात.”

“हो... म्हणालो होतो.”

पोतं तेव्हा त्याच्या दुकानातच होतं. खुर्चीच्या मागं, तोंड बांधलेलं. फोनवर बोलता बोलता त्यानं त्याला पाय टेकवला होता.

“तोवर मी वाचून दाखवतेय मुलांना,” बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. “पण मी घरी गेले की पुस्तकही जातं माझ्याबरोबर. पोरांना हाताखाली लागतं हो काहीतरी.”

श्रेणिकनं बरोबर आणलेली पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. आत काहीतरी खडखडलं.

“काय आहे त्यात?” चाचांनी विचारलं.

“मेलेल्या. पोत्यात टाकायच्या राहिल्या तेवढ्या.”

“दे बघू.”

चाचांनी पिशवी टेबलावर पालथी केली. जाड बोटांनी चाळत चाळत त्यांनी एक पट्टी उचलली, थोड्या वेळानं तिच्यासारखीच दुसरी. मग खोडरबर घेतलं आणि पुसायला बसले.

“ही मी लावून बघितलीय, चाचा. तीसुद्धा. दोन्ही मेलेल्या आहेत.”

“एकेक लावलीस?”

“एकेक.”

चाचा पुसत राहिले. भुगा फुंकला. मग दोन्ही पट्ट्या मशीनमध्ये शेजारी शेजारी बसवल्या, आणि बटण दाबलं.

ओरडणं नाही. काहीच नाही...

मग टिक. टिक टिक टिक टिक... काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात पांढरे आकडे चढू लागले. मशीन आपली मेमरी मोजत होतं.

श्रेणिक उभाच राहिला. हा आवाज त्यानं किती वर्षांत ऐकला नव्हता! हल्लीची मशीन मोजतात, पण मुकाट्यानं. तेव्हा ही मोजणी सुरू झाली की दुकानातलं बोलणं थांबायचं. गिऱ्हाइकं बशी ओठाशी धरून थांबायची. चाचा कॅबिनेटवर तळहात ठेवून उभे राहायचे, निजलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा. आत्ताही त्यांनी तसाच ठेवला होता.

“मोजतंय!” आवटीबाई म्हणाल्या. त्या स्टुलावरून अर्ध्या उठल्या होत्या.

“मोजतंय, बाई.”

“ह्या जातीच्या जोडीनंच चालतात...” श्रेणिक पुटपुटला.

हे त्याला ठाऊक होतं. ह्याच टेबलावर ठाऊक झालं होतं. तरी तो पोतंभर पट्ट्या एकेकटी लावत बसला होता, आणि एकेकटी बाजूला टाकत.

“बाकीच्या कुठं आहेत?” चाचांनी हळूच विचारलं.

श्रेणिक पायरीवर गेला आणि फोन लावला. मेलेल्या पट्ट्यांच्या दातांवरचा सोन्याचा मुलामा ॲसिडात उतरवणारा एक माणूस होता, पोतं त्याच्याकडं गेलं होतं.

“कालचा माल जरा थांबव.”

“आता कसला थांबवताय, शेठ? सकाळीच टाकला की.”

श्रेणिकनं फोन खिशात ठेवला. गल्लीतून एक उदवाला धूप घालत चालला होता. तो वळणाआड होईपर्यंत श्रेणिक तिथंच उभा राहिला.

आत आला तेव्हा चाचा कॅबिनेटला झाकण लावत होते. त्यानं न विचारता मशीन उचललं आणि बाईंच्या रिक्षात नेऊन ठेवलं. बाईंनी त्याच्या खांद्याचा आधार घेतला, आत बसल्या, आणि मशीनवर हात ठेवला.

“बाई, मी फोनवर...” तो म्हणाला.

“उद्या या शाळेत,” बाई म्हणाल्या. “पहिलं पान निघताना ऐका.”

रिक्षा गेली.

दुकानात चाचांनी चहा बशीत ओतला होता. एक बशी त्याच्यापुढं सरकवली. पहिल्यासारखाच, आलं जास्त घातलेला. दोघं प्याले.

“उरलेल्या राहू देत इथंच,” श्रेणिक म्हणाला.

“राहू देत.”

मग त्यानं ती बिननावाची पट्टी पुढं केली. चाचांनी ती उजेडाकडं धरली, खाचेवरून अंगठा फिरवला, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. बराच वेळ...

“नाही कळत,” ते म्हणाले.

“तुम्हालाही?”

“नाही, बाळ.”

चाचा पूर्वीही असं म्हणायचे. चारचौघांत, गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायचे. तेव्हा श्रेणिकला लाज वाटायची. आपल्या दुकानात आपण असं कधीच म्हणायचं नाही, हे त्यानं इथंच बसून ठरवलं होतं.

“मग हिला काय समजू मी? काय किंमत धरू? ठेवू, विकू, का...”

त्याची नजर टेबलावरच्या मेलेल्या पट्ट्यांच्या ढिगाकडं गेली.

चाचांनी पट्टी त्याच्या तळहातावर ठेवली. मग एकेक करत त्याची बोटं तिच्यावर मिटवली.

“हिला,” ते म्हणाले, “एवढ्यात ओळखू नकोस.”