तात्यासाहेबांचं रिकामं पिस्तूल

आंबेटाकळी दूध संघाचे चेअरमन तात्यासाहेब काळोखे बैठकीला आले की पानाच्या डब्याशेजारी आपलं परवान्याचं पिस्तूल ठेवायचे. कुणा संचालकानं विरोधाला तोंड उघडलं, की तात्यासाहेब पिस्तूल उचलून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरत आणि चाप ओढत. खट्! पिस्तूल रिकामंच असे, पण समोरच्याचं तोंड मिटे.

त्या दिवशी तात्यासाहेबांच्या जावईबापूंना संघाचा मॅनेजर नेमायचा ठराव होता. विरोधात एकच हात वर झाला, संचालक हिराबाई धुमाळांचा.

खट्!

हात खाली येईना. हिराबाईंची सारी नोकरी पोलिसात गेलेली. त्यांच्या दुसऱ्या हातातला चहासुद्धा हिंदकळला नाही. तात्यासाहेब मनातून चिडले, पण हसून म्हणाले, "हिराबाई, तुम्ही पोलिसातल्या. सांगा बघू, रिकामं पिस्तूल सारखं असं उडवून खराब होतं का हो?"

'होतं' म्हणावं तर तात्यासाहेबांच्या लाडक्या पिस्तुलाला नाव ठेवल्यासारखं, 'नाही' म्हणावं तर ही खटखट जन्मभर चालू. हिराबाईंनी शांतपणे चहाचा घोट घेतला.

"असल्या पिस्तुलाला सहसा काही होत नाही, तात्यासाहेब. सरावाला आम्हीही हेच करायचो. खराब होतो तो धाक. आत गोळी नाही, हे दर वेळी तुम्हीच आम्हाला ऐकवताय."

विरोधात आणखी एक हात वर गेला, मग दुसरा, मग सगळेच. सवयीनं तात्यासाहेबांनी पिस्तूल उचललं, कॅलेंडरवर नेम धरला. चाप ओढायच्या आधीच सगळे संचालक एका सुरात म्हणाले, "खट्!"