इनामदारांचा रांजण

रांजणातलं गार पाणी पिता पिता इनामदारांच्या कानावर आलं, की कौसाई कुंभारीण मातीत घोड्याची लीद मळते. झालं! पाहुण्यांसमोर पेला आपटून त्यांनी तिला पेटत्या भट्टीवरून उठवून आणलं.

"मला लीद पाजलीस? उद्यापासून तळ्यातली माती बंद!"

कौसाईचा जीव भट्टीपाशी. तिचा एक पाय दारात आणि डोळे लांबच्या धुरावर.

"रांजण फोडा, सरकार. लिदीची एक काडी सापडली, तर गाव सोडते."

इनामदारांनी काठी घातली. ओसरीभर पाणी झालं. त्यांनी खापऱ्या हुंगल्या, नखानं खरवडल्या. दिसली ती नुसती बारीक बारीक भोकं.

"लीद कुठंय?"

"विस्तवानं खाल्ली. तिची जागा रिकामी राहिली, तिथून पाणी पाझरतं म्हणून गार होतं. नुसत्या मातीचा रांजण भट्टीतच तडकतो. जाऊ मी? जाळ उतरतोय."

चैत्राचं ऊन चढलं होतं. तहानलेले पाहुणे इनामदारांकडे बघत राहिले.

"थांब," इनामदार पुटपुटले, "नवा रांजण कधी देशील?"

"माती तुमच्या तळ्यात आहे, सरकार, आणि लीद तुमच्याच तबेल्यात. दोन्ही कधी पाठवता, बोला."