डाव्या हातातला हातोडा

शिळेवाडीच्या उभ्या कड्यावर टाकीबुवा महाराजांची समाधी आहे. महाराज पाथरवट. लुटारूंच्या भयाने पळालेली चाळीस घरे त्यांनी कड्यात पायऱ्या खोदून वर गडावर घेतली. त्या चाळीस घरांचेच पुढे एक चिमुकले संस्थान झाले.

संस्थानाला तीनशे वर्षे झाली, तेव्हा महाराजांच्या मूर्तीचे चांदीचे नाणे पाडायचे ठरले. ठसा कोरायचे काम बहिरू सोनाराकडे आले. ठशात सारे उलटे कोरावे, तेव्हा ते नाण्यावर सुलटे उमटते. बहिरूने अक्षरे नेमाने उलटी कोरली. पण महाराजांची मूर्ती कोरताना तो नामात असा रंगला, की ती सुलटीच कोरून बसला!

उत्सवाच्या दिवशी समाधीपुढे पहिले नाणे पाडले गेले. टांकसाळीचे कारभारी विसाजीपंत यांनी ते उचलले मात्र, त्यांचा चेहरा लालबुंद झाला. महाराजांचा हातोडा डाव्या हातात!

“वा रे भक्त! डाव्या हाताने आम्ही भिकाऱ्यालाही काही देत नाही, आणि तू महाराजांना डावखुरे केलेस? नाम घेत होतास की पेंगत होतास?”

लोक खो खो हसले. बहिरूने हात जोडले. “चुकलं, पंत. नवा ठसा कोरून देतो.”

“तू? ऊन कलायच्या आत बायकापोरांना घेऊन गड उतर. पुन्हा वर पाऊल टाकायचं नाही. आणि हा ठसा मी आत्ताच फोडतो!”

पंतांनी घण उचलला. तो वर गेला आणि तिथेच राहिला. हात खाली येईना, मागे जाईना. दोन शिपाई दंडाला लोंबकळले, तरी तो तसूभर हलला नाही. घण निसटला असता तर खाली पंतांचेच डोके होते. हसणारे मागे सरले.

बहिरूने समाधीपुढे लोटांगण घातले. “महाराज, चूक माझी आहे. मी गड उतरतो, पण पंतांना सोडा!” केवढे हे मन!

तोच गाभाऱ्यातून दगडावर टाकीचे घाव ऐकू आले. ठक्, ठक्. महाराज म्हणाले, “विसाजी, तुझे पूर्वज जीव मुठीत धरून माझ्या पायऱ्या चढले, तेव्हा त्या कोणत्या हाताने खोदल्या हे कुणी विचारले नाही. मी डावखुराच होतो रे. बहिरूकडून मीच तसे कोरून घेतले.”

घण सुटून बाजूच्या फरशीवर आदळला. पंत गुडघ्यांवर कोसळले. “बहिरू, मी आंधळा झालो होतो. तू कुठेही जाऊ नकोस.”

त्यांचा उजवा हात अजून बधिर लोंबत होता. पंतांनी ते नाणे डाव्याच हाताने उचलले आणि सर्वांसमक्ष कपाळाला लावले.